मास कस्टमायझेशन आणि ऐंशी कोट

"मावशी, पुण्याचा व्हेंडर तयार आहे. पण आधी तुम्हाला विचारतो. मास कस्टमायझेशन जमेल का?" असं म्हणून कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. इंग्रजी बातमी होती. मी चष्मा लावला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जमेल की!"

न कळता हो म्हणू नये, मला कळतं. पण शिक्रापुरातलं माझं शिवणाचं दुकान या कंपनीच्या युनिफॉर्मवर चालतं. दोन बायका शिवतात, सलीममास्तर कापड कापतात. हे काम गेलं तर मशीनं झाकूनच ठेवायची.

झालं होतं असं, की कंपनीत मशीनच्या लाइनवर काम करणाऱ्या बायकांना पुरुषांच्याच मापाचे कोट दिले होते. त्यांतल्या रंजनाची बाही मशीनच्या पट्ट्यात अडकली. मशीन वेळेवर बंद झालं म्हणून हात वाचला. आता ऐंशी कोट हवे होते, तेही पंधरा दिवसांत आणि प्रत्येकीला बसणारे.

सलीममास्तरांना तो शब्द सांगितला.

"आक्का, मास म्हंजी घाऊक. कस्टमाइज म्हंजी जिच्या तिच्या मापानं. ह्ये दोन्ही एकत्र कसं व्हायचं?"

"मी हो म्हणून आले."

"व्हय? मग तुम्हीच कापा आता."

घाऊक म्हणजे कापडाचे तीस थर एकावर एक लावायचे, वर खडूची एकच खूण करायची आणि कटर फिरवायचा. मापाचं म्हणजे एकेकीला टेप लावायची. बोलता बोलता वाट सापडली. पाठ आणि छाती तीन साइजमध्ये थरानं कापायची. बाही मात्र एकेकीच्या मापाची. बातमीतल्या त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता हो! बरंचसं सगळ्यांना सारखं, थोडंसं जिचं तिला.

कंपनीच्या कँटीनमध्ये बसून मापं घेतली. रंजना म्हणाली, "मावशी, जरा सैलच ठेवा. दिवाळीपर्यंत अंग धरते मी." मग सगळ्याच तसं म्हणाल्या. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेले माझे हात, सैल म्हटलं की दोन बोटं वाढवणारच.

सॅम्पलचे दहा कोट नेले. सेफ्टी ऑफिसरनं बंद मशीनसमोर रंजनाला हात लांब करायला लावला. बाहीचं तोंड बरोबर पट्ट्यावर लोंबत होतं.

"मावशी, हे तर पहिल्यासारखंच!"

दहाही कोट परत आले.

सलीममास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं बायकांचं ऐकलंत. मशीनचं कवा ऐकणार?"

दुसऱ्या वेळी बायकांना मशीनपुढं उभं केलं. हात लांब करून माप घेतलं, कोपरात वाकवून घेतलं. मनगट घट्ट ठेवलं. कुशीच्या शिवणीत तेवढी माया सोडली. माया म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, उसवून सैल करता येतं.

"पोटाशी सैल करून देईन," मी रंजनाला सांगितलं, "मनगटाशी न्हाई."

"म्हंजी हातानं बारीकच ऱ्हायचं का आमी?" सगळ्या हसल्या.

कोट पास झाले. बायकांचं काम माझ्याकडं राहिलं, पुरुषांचं पुण्याच्या व्हेंडरकडं गेलं. "त्यांना कुठं मापं लागतात!" साहेब म्हणाले.

शिकले ते इतकंच, की कामाच्या कपड्याचं माप कामाच्या जागी उभं राहून घ्यावं, कँटीनमध्ये बसून नव्हे.