तार न जोडलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी... आजही जाईन. फक्त स्वतःच्या कानांनी ऐकलं तेवढं लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. मिरजगावची लाईन टाकण्याआधी एका शेडमध्ये मी तिची चाचणीखोली मांडली — एका टेबलावर नगरचा फोन, समोरच्यावर मिरजगावचा, मध्ये तारेची वेटोळी. तार तपासायला मेगर नावाचं हाताने फिरवायचं यंत्र असायचं. त्याचं हँडल फिरवलं की तारेला हात लावणाऱ्याला जबर झटका बसे. म्हणून जुन्यांची रीत — पलीकडून ‘हात काढला’ अशी हाक आल्याशिवाय हँडल फिरवायचं नाही.

चाचणीची पद्धत मी टाईप करून वाटली. त्यात हाक नव्हती, नुसती हँडल फिरवायची वेळ होती. खोलीत समोरचा माणूस दिसतोच, हाक कशाला?

किसन लाईनमन हसला. “सायेब, तुमचं मिरजगाव टेबलाएवढं. आमी खांबावर दिसनार हाय का?”

“घड्याळ बघून काम करायला शिक,” मी म्हणालो.

लाईन पडल्यावर किसन आणि मेगर फिरवणारा शंकर तिच्या चाचणीला गेले, त्या दुपारी शेडमध्ये मी एकटा होतो. टेबलावरच्या मिरजगावच्या फोनच्या तारा सकाळीच काढून ठेवल्या होत्या. तो वाजला... मी उचलला.

“हात तारंवर हाय! शंकऱ्या, फिरवू नगं रं!”

किसनचा आवाज. मग गुरासारखी किंकाळी. दगडांवर काहीतरी फुटलं. मग पुष्कळ माणसं — “ठेचा त्याला!” आणि शेवटी हाड मोडल्याचा आवाज.

मी फोन टाकून जीपकडे धावलो.

मिरजगावच्या लाईनवर पोचलो. किसन खांबावरून दुष्काळी कामाच्या खडीवर पडला होता, डोकं फुटून. खडी फोडणारे त्याच्याच गावचे. रस्त्याच्या वळणाअलीकडे, जिथून खांब दिसत नव्हता तिथे, मेगर घेऊन बसलेल्या शंकरचा उजवा पंजा त्यांनी दगडावर धरून हातोडीने चेचला होता.

“कागदात वेळ लिवली हुती, सायेब,” शंकर रडत म्हणाला. “सांगा की यांना!”

किसनच्या भावाने माझ्याकडे पाहिलं. हातात हातोडी. “व्हय का, सायेब?”

“यानंच घाई केली,” मी म्हणालो.

पुढचा घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा तोच आवाज मी शेडमध्ये फोनवर ऐकला होता — तासाभरापूर्वी.

त्या फोनला तार नव्हती. उन्हाचा भास म्हणावं, तर मनगटावरचा घाव तेव्हा पडलाच नव्हता.

शंकर कोल्हारला असतो. हात कोपरापासून काढावा लागला. चूक त्याची नव्हती, माझ्या कागदाची होती — हे त्याला आणि किसनच्या भावाला समोरासमोर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.