द्रावण न लावलेली काच

आमच्या प्रयोगशाळेत एकच तंत्रज्ञ होते; ते कुणाशी गोड बोलत नसत. सकाळी शहागंजातल्या खाटकाकडून बकऱ्याच्या मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बर्फात घालून आणत आणि तिचे काप इतके पातळ करत, की जवळ मोठ्यानं श्वास घेतला तरी खेकसत. मी काप ठेवलेली काच चुकीची धरली, की म्हणत, "हात हाय का फावडं?"

माझ्या संशोधनासाठी मला त्या ग्रंथीच्या पेशींत एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखा छोटा रेणू, शोधायचं होतं. पेप्टाइडला चिकटणारं चमकदार द्रावण लावलं, की ते सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं दिसतं. माझी काच हिरवीगार दिसली. माझे मार्गदर्शक सर खूश झाले.

"द्रावण न लावलेली काच बी बघा की," तंत्रज्ञ म्हणाले.

तीही तेवढीच हिरवी होती. चमक पेशींची स्वतःचीच होती. मला काहीच सापडलं नव्हतं.

"ती फेकून द्या," सर म्हणाले. "तुम्ही काप करा, विज्ञान आम्ही बघतो."

तंत्रज्ञांनी तीच काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि खुर्ची धाडकन ओढली. "बसा साहेब. हितं काय बी लावलेलं नाय, तरी चमकायलंय. सांगा, ह्या पोरीला काय घावलं?"

सर निघून गेले. तंत्रज्ञ माझ्याकडं वळले. "तू तरी खरं लिव्ह."

मी मान खाली घालून सरांच्या मागं गेले.

सरांनी तंत्रज्ञांना प्रयोगशाळेतून काढून भांडारात बसवलं. माझा शोधनिबंध त्याच हिरव्या फोटोसकट छापून आला. सरांवर मी अजून चिडते. पण निबंधावर नाव माझं आहे, आणि ते कुणी जबरदस्तीनं लिहून घेतलं नव्हतं.