गुरुलिंगआप्पांचं सुतक

माणसाशी बोलताना त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरायची गुरुलिंगआप्पांना सवय होती. अंगठ्यानं ते कापड चोळायचे आणि मग आवाज ठरवायचे. टेरिकॉट असेल तर "या साहेब". मांजरपाट असेल तर नुसतं "काय पायजे". बसवंतची बाही त्यांनी पहिल्याच दिवशी चोळून पाहिली होती. तरी दोस्ती जमली. बसवंत मराठी घेऊन बी.ए. झाला होता, नोकरी नव्हती, आणि दुकानाच्या गादीवर बसून तो रोज दुपारी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. आप्पा त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. चहा मात्र ते अर्धाच पाजायचे.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आप्पांनी दुकानापुढं कमान उभारली. जुनी पाटी काढून 'जिल्हा वस्त्र भांडार' अशी नवी लावली. धोतरं-लुगडी मागच्या खणात ढकलली आणि पुढं सूटिंगची थानं रचली. आता साहेब लोक येणार. साहेब लोक आले, पण ते कपडे सोलापूरहून शिवून आणत. त्यात पावसानं पाठ फिरवली. खेड्यातलं गिऱ्हाईक तुटलं. दिवाळी तोंडावर आली तरी आप्पा थानांवरची धूळ झटकत बसलेले.

आणि हीच लेकीची पहिली दिवाळी. महानंदा वैशाखात निलंग्याला दिली होती. आता माहेरहून मुऱ्हाळी जाऊन तिला घेऊन येणार, पाडव्याला जावई येणार, त्याला कपडे आणि अंगठी. कपडे दुकानात होते. अंगठी नव्हती. खरं तर ती कुणी मागितलीच नव्हती. आप्पांनीच लग्नाच्या मांडवात उभं राहून, पान खात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, की दिवाळीला जावयाला तोळ्याची अंगठी.

दसऱ्यानंतर देगलूरहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. माणिकप्पा गेले. आप्पांच्या वडिलांचे चुलतभाऊ, नव्वदीचे. आप्पा मातीलाही गेले नाहीत. दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा मात्र त्यांनी ते कार्ड गल्ल्यातून शोधून काढलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "यंदा आपल्याला दिवाळी न्हाई. सुतक हाय."

चहा घेऊन आलेली त्यांची बायको जगदेवी जागीच थांबली. "आपल्यात कवापासून सुतक?"

लिंगायतांत सुतक नसतं, हे लातुरातलं शेंबडं पोरही सांगेल. मेलेला माणूस लिंगैक्य झाला, शिवात मिळाला. मग विटाळ कशाचा?

"जिल्ह्याच्या ठिकाणी राहायचं म्हणजे चार लोकांच्या रीती पाळाव्या लागतात," आप्पा म्हणाले.

"अन् दुकानातली लक्ष्मीपूजा?"

"ती धंद्याची. तिला लागत न्हाई."

बसवंतला हसू आलं, पण आप्पा हसत नव्हते. आप्पांनी त्याची बाही चिमटीत धरली. "निलंग्याला तू जा. इवायाला नीट शब्दांत सांग. तुझ्या बी.ए.चा कवा तरी उपेग होऊ दे."

तो निघाला तेव्हा जगदेवी दाराशी आली. "पोरीला घेऊनच ये, बसवंता. अंगठी न्हाई, काई न्हाई. चार दिवस नुसती झोपून राहू दे माझ्यापशी."

निलंग्याला व्याह्यांच्या ओसरीवर पत्र्याची ट्रंक तयार होती. महानंदानं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "कोणची गाडी हाय परतीची?" बसवंत चपला काढायला वाकला. व्याही मलप्पा अडतीवरून आले. त्यांची आई बसम्मा खांबाला टेकून पान कुटत होती.

"आप्पा दुःखात आहेत," बसवंत म्हणाला. वाक्य त्यानं एस.टी.त घोकलं होतं. "माणिकप्पा वारले. घरात सुतक आहे. त्यामुळं यंदा सण करता येत नाही."

बसम्मानं कुटणं थांबवलं. "सुतक? अय्यो शिवा. गळ्यातलं लिंग हाय का काढून ठिवलं तुमच्या आप्पानं?"

मलप्पा हसले नाहीत. "मातीला गेलते का इवाई?"

बसवंतनं पाणी प्यायला तोंड वर केलं.

"असू दे," मलप्पा म्हणाले. "त्यांनी सुतक धरलंय तर आपल्याला बी रीत पाळाया पायजे. दुःखाच्या घरी पहिल्या सणाला चूल कशी पेटंल? पाडव्याला आम्ही दुखवटा घेऊन येतो म्हणून सांगा."

महानंदानं ट्रंक उचलली आणि आत नेली. बसवंतला जेवायला बसवलं. तो जेवला. दोन भाकरी खाल्ल्या. त्याची लाज त्याला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली.

पाडव्याला जीप आली. महानंदासकट सातजण उतरले. शेंगापोळ्यांचा डबा, धपाटे, दह्याचं गाडगं. जावयाच्या हातात दुखवट्याचं पांढरं धोतर, टोपी, उपरणं. बसवंत कोपऱ्यात बसून होता. त्याला वाटलं, आप्पा आता शरमेनं जमिनीत जातील.

आप्पांनी दोन दिवसांची दाढी ठेवली होती.

"लई वाईट झालं, इवाई," मलप्पा म्हणाले. "लई जीव होता म्हणं तुमचा त्यांच्यावर."

"बापासारखे होते," आप्पा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. गालावरून ओघळलं. आलेल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. मग पानं मांडली. आप्पांनी पाच शेंगापोळ्या खाल्ल्या.

"खा, यप्पा," बसम्मा म्हणाली. "दुःखात भूक लागती माणसाला."

हात धुऊन झाल्यावर मलप्पांनी आवाज बदलला. "इवाई, खरं बोलतो. आमचं अंगठीवाचून काई अडलं न्हाई. पोरगी चार दिवस राहू द्या. मी सोता येऊन नेतो, रिकाम्या हातानं नेतो. कुणी काई विचारणार न्हाई."

जगदेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. महानंदा बापाकडं बघत होती. आप्पांनी फक्त 'बरं' म्हणायचं होतं. त्याला पैसा लागत नव्हता.

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. लेक राहिली तर गल्ली येणार, अंगठी काय घातली म्हणून विचारणार, हे त्यांच्या डोळ्यांत बसवंतला स्वच्छ दिसलं.

"न्हाई, इवाई," ते म्हणाले. "सुतकाच्या घरात सवाष्ण ठिवू न्हाई. उद्या तुमच्याच घराला बाधायचं."

मलप्पा उठले. "शरणार्थ," निरोपाचे हात जोडून एवढंच म्हणाले. महानंदाची ट्रंक जीपमधून उतरलीच नव्हती. ती चढून तिच्यावरच बसली. जगदेवी डबा रिकामा करून द्यायचा राहिला म्हणून जीपमागं चार पावलं धावली, मग डबा तसाच छातीशी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बसवंतला दुकानात बोलावून घेतलं. दुखवट्याचं धोतर पुढ्यात होतं. त्यांनी काठ चिमटीत धरला, अंगठ्यानं चोळला, उजेडात नेऊन पाहिला.

"मिलचं हाय," ते म्हणाले. "इवायानं हात आखडला न्हाई."

मग जुन्या घडीवर घडी बसवली आणि धोतर विकायच्या गठ्ठ्यात वरच ठेवलं. तासाभरात औशाकडचा एक म्हातारा आला. कुणाच्या तरी दिवसांसाठी त्याला पांढरं धोतर हवं होतं. आप्पांनी तेच काढलं. भावात चार आणेही सोडले नाहीत.

म्हातारा गेल्यावर त्यांनी गल्ल्याला हात लावून नमस्कार केला. "बघ, लक्ष्मीपूजेचा गुण," ते म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा हात बसवंतच्या बाहीकडं आला.

बसवंतनं हात काढून घेतला, चपला घातल्या आणि पेपर न वाचताच पायरी उतरला.