बायकोला टीव्हीवर बोलायला पोचवताना: वेलिंग्टन ते ऑकलंड

आमच्या सहली ठरतात शाळेच्या सुट्ट्या बघून. ही मात्र एका फोनवर ठरली. माझी बायको मीनल वेलिंग्टनच्या उत्तरेला, जॉन्सनव्हिलमध्ये फार्मसिस्ट आहे. छोट्या गावांतली औषधांची दुकानं बंद पडताहेत, यावर तिने इथल्या पेपरात लेख लिहिला होता. तो वाचून ऑकलंडच्या एका चॅनेलवरून फोन आला. रविवारी सकाळी राजकीय चर्चेचा कार्यक्रम असतो, पाहुणी म्हणून याल का? मीनल 'येते' म्हणाली, तशी पलीकडची निर्माती मुलगी खूश होऊन म्हणाली, "ग्रेट! आम्हाला इंडियन कम्युनिटीचा आवाज हवाच होता."

फोन ठेवल्यावर मीनलचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मला औषधांसाठी बोलावलंय की रंगासाठी?"

"दोन्हीसाठी असेल," मी म्हणालो. अशा वेळी गप्प बसावं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमलेलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शिरीष आला. इथे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात. शिरीष मूळचा नाशिकचा, आणि त्याची डेअरी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. अलीकडे ती दोनदा फुटली. सिगारेटी गेल्या, गल्ला गेला, आणि त्याची बायको अजून दुकानात एकटी बसायला तयार नाही. तो म्हणाला, "वहिनी, आपल्या ओळखीतलं कोणी पहिल्यांदा तिथे बसणारे. आमच्या दुकानांचं बोला हां. परत कधी बोलावतील, काय माहीत!"

मीनलने मान डोलावली. तो गेल्यावर मात्र सोफ्यावर बसून राहिली. "औषधांवर बोलले तर याला तोंड कसं दाखवू? आणि चोऱ्यांवर बोलले, तर तिथे माझं काय काम? मला त्यातलं कळतं तरी काय?" झालं, हा पेच डिकीत टाकूनच आम्ही निघालो.

विमानाने हा तासाभराचा प्रवास. पण चॅनेलने दिलेलं तिकीट एकटीचं होतं आणि लेकीला, इराला, सुट्टी होती. म्हणून सगळेच गाडीने निघालो. तुम्हालाही जमत असेल तर गाडीनेच जा, आणि एक मुक्काम ताउपोला करा. एका दमात जाण्याचा पराक्रम करून काही मिळत नाही, पाठ तेवढी धरते. वेलिंग्टन सोडल्यावर नवा मोटरवे डोंगरातून वर चढतो, मग डावीकडे समुद्र दिसू लागतो. पुढे सपाट गावं, गाई, भाजीचे स्टॉल. टाइहापेला थांबलो. हे गाव स्वतःला गमबुटांची राजधानी म्हणवतं, आणि रस्त्याकडेला पत्र्याचा अवाढव्य गमबूट उभा केलाय. आम्ही त्याच्या शेजारच्या बाकावर बसून धपाटे आणि दही खाल्लं. इराने पाय घेतला. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा किंवा चीज भरून भाजलेला गरमागरम खारा पदार्थ, कुठल्याही बेकरीत मिळतो, दोघांत एक पुरतो.

एक महत्त्वाची सूचना. वाइओरूला पेट्रोल भरून घ्या. पुढे डेझर्ट रोड लागतो, त्यावर पंप नाही. थंडीत बर्फामुळे हा रस्ता बंदही होतो, त्यामुळे सकाळी फोनवर बघूनच निघा. आम्हाला ऊन मिळालं. डावीकडे रुआपेहू पर्वत पांढराशुभ्र, सगळाच्या सगळा उघडा. आजूबाजूला नुसतं पिवळं गवत. मीनलसुद्धा दहा मिनिटं औषधं विसरली. गाडी थांबवून मी फोटो काढत होतो, तेव्हा मागून इराचा आवाज आला, "आई, चिल. यू'ल बी स्वीट अ‍ॅज." स्वीट अ‍ॅज म्हणजे झकास. आमच्या कन्येला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती तिच्या भाषेत देते.

ताउपोच्या तळ्याकाठी मोटेल घेतलं, स्वयंपाकघर असलेलं. दोनशे डॉलरच्या आसपास पडलं, पण खिचडी करता आली हा मोठा फायदा. सकाळी हुका धबधबा बघितला. उंची काही फार नाही, पण अख्खी नदी एका घळीत कोंबल्यासारखी घुसते आणि पाण्याचा रंग असा निळा, की आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसत नाही. बघायला पैसे पडत नाहीत. मग हॅमिल्टनमार्गे ऑकलंड. उतरलो पेनरोजमध्ये. हा कारखान्यांचा आणि गोदामांचा भाग, खिडकीतून नुसते ट्रक दिसतात. सौंदर्य शून्य, पण मोटरवे दाराशी आणि खोल्या स्वस्त.

रविवारी सकाळी स्टुडिओत घरच्यांनाही आत सोडलं. पाहुण्यांच्या खोलीत चहा, मफिन आणि तिघेजण होते. अरोहा नावाची सत्तरीची माओरी बाई, आयुष्यभर बंदरांचे हिशेब बघितलेली. सामोअन घरातला तरुण अर्थतज्ज्ञ टावीता. आणि ग्रॅहम, उंच, गोरा, निवृत्त मेंढपाळ, पूर्वी खासदार होता. अरोहाने 'किया ओरा' म्हणत मीनलचे दोन्ही हात हातात घेतले आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तू कुठली, बाळ?"

इथे राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाला हा प्रश्न ठाऊक आहे. चेकआउटवर, टॅक्सीत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना. मीनल ताठ झाली. "जॉन्सनव्हिल," ती म्हणाली, आणि ओठ मिटले. म्हटलं, चर्चा सुरू होण्याआधीच ठिणगी पडणार.

अरोहा खळखळून हसली. "ते पत्त्याचं झालं गं. तुझा डोंगर कुठला? नदी कुठली?" मग तिने स्वतःचा सांगितला. टारानाकी पर्वत, त्याच्या पायथ्याची नदी, तिची माणसं. ग्रॅहमने रुआपेहू सांगितला, ज्याचे फोटो माझ्या फोनमध्ये अजून ताजे होते. त्याच्या आजोबांची मेंढरं तिथलीच. टावीता म्हणाला, "बापाचा डोंगर सामोआत आहे. मी इथे ऑकलंडच्या ओटारात वाढलो, तिथे मोटरवे आहे." सगळे हसले. मी इतकी वर्षं इथे राहून, ऑफिसच्या समारंभांत ही माओरी रीत ऐकून, ती भाषणाची सुरुवात समजत होतो. अरोहाने सोप्या शब्दांत सांगितलं, "बोलायच्या आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं, हे शब्द कुणाचे."

मीनलने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अजिंक्यतारा. आणि कृष्णा." साताऱ्याची पोरगी ती. अरोहाने ते दोन शब्द नीट म्हणून बघितले, चुकली, पुन्हा म्हणाली.

कार्यक्रम थेट होता. मी आणि इरा कॅमेऱ्यांच्या मागे खुर्च्यांवर. आणि मला मनापासून सांगायचंय, मी भारावून गेलो. चार माणसं, चार रंगांची, आणि कोणी कोणाच्या रंगाबद्दल बोलत नव्हतं! टावीताला व्याजदर विचारले, तो व्याजदरांवर बोलला. अरोहा मालवाहतुकीवर बोलली आणि ग्रॅहमचं म्हणणं तिने आकड्यांनिशी खोडून काढलं. ग्रॅहम म्हणाला, "तुझं बरोबर आहे, मी चुकलो." टीव्हीवर! राजकारणातला माणूस! आपल्या चॅनेलांवर सहा चौकटींत सहा जण एकदम ओरडतात, ते आठवून मला हसू आलं. मग दुसरं आठवलं आणि हसू गेलं. आपल्याकडे आदिवासी पाड्यावरच्या बाईंना कॅमेऱ्यासमोर बोलवतात ते कुपोषणाची बातमी असली की. बजेटच्या रात्री त्यांना कोण बोलवतं? बजेट तर त्यांच्याही घरात शिरतंच ना?

मीनल औषधांवर बोलली, आणि छान बोलली. पण उत्तरार्धात सूत्रसंचालिका तिच्याकडे वळली. डेअऱ्यांवर चोऱ्या होताहेत, इंडियन कम्युनिटीला काय वाटतं? इराने माझा हात घट्ट धरला.

"कम्युनिटीला काय वाटतं, मला माहीत नाही," मीनल म्हणाली. "आम्ही जेवायला काय करायचं यावरही एकमत होत नाही." हशा पिकला. "मी औषधांच्या काउंटरमागून बोलते. डेअरीच्या काउंटरमागून बोलणारा माझा शेजारी आहे. दुकान त्याचं फुटलंय, माझं नाही. त्याला या खुर्चीत बोलवा. आणि फक्त चोऱ्या विचारून परत पाठवू नका. गावात काय चाललंय, हे त्याच्याइतकं तुमच्या-माझ्यातल्या कोणालाच कळत नाही."

सूत्रसंचालिका सावरून घेईल, विषय बदलेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बरोबर बोललात. मी प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला." कॅमेऱ्यासमोर. मला त्या बाईचा आदर वाटला, आणि बायकोचा त्याहून जास्त.

परतीच्या वाटेवर मात्र मीनल फोनकडे बघत बसली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. एका काकांनी 'संधी वाया घालवलीत' असंही लिहिलं होतं. शिरीषने कार्यक्रम बघितला होता, पण त्याच्याकडून एक अक्षर नाही. "दुखावला तो," ती टाइहापेपर्यंत हेच म्हणत होती. "एवढंच मागितलं होतं त्याने."

घरी आल्यावर बॅगा तशाच टाकून दुधाच्या निमित्ताने आम्ही डेअरीत गेलो. या सहलीतून काय उरलं, असं कोणी विचारलं तर रुआपेहू सांगेन, हुकाचं पाणी सांगेन, आणि आपली चूक कबूल करणारी ती दोन माणसं नक्की सांगेन. या देशात सगळं आलबेल आहे असं नाही, शिरीषच्या दाराला लावलेली नवी लोखंडी जाळी समोरच होती. पण चुकीचा प्रश्न चुकीचा आहे हे मान्य करायला इथे फार वेळ लागला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

शिरीष काउंटरमागे उभा होता. गंभीर. मीनल काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "वहिनी, त्या चॅनेलवालीने दुकानाचा नंबर शोधून फोन केला होता."

"मग?"

"मी म्हटलं, चोऱ्यांबद्दल ना, सांगतो. ती म्हणाली, ते तर सांगाच. आणखी कशावर बोलायला आवडेल?" तो काउंटरवर रेलला. "इतकी वर्षं दुकान चालवतोय. पोलीस विचारतात चोर कसा दिसत होता, पेपरवाले विचारतात भीती वाटते का. हे कोणी विचारलं नव्हतं हो."

"मग काय सांगितलंस?"

"विचार करून सांगतो म्हटलं. झोप नाही मला तेव्हापासून. दुधाचे भाव, वहिनी? सुपरमार्केटवाले आम्हाला कसे मारतात ते सांगू? की शाळेवरून जाणारी बस बंद केली ते? म्हाताऱ्या बायका पावसात माझ्या दारात उभ्या राहतात..." तो बोलतच सुटला, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. आमच्यामागे रांग लागली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी रांगेतले एक गोरे आजोबा, हातात ब्रेड घेऊन, म्हणाले, "बसचं बोल, मित्रा. बस महत्त्वाची."

"नाही, नाही," शिरीष त्याच्याकडे वळून ठामपणे म्हणाला. "आधी दूध."