कंदिलाच्या ज्योतीवरची निळी टोपी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी देवळीची, बालवाडी चालवणारी बाई. आमच्या घरात अंगारे-धुपारे, भूतबाधा असलं काही चालत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्याला सासूबाई भर रस्त्यात झापायच्या. पण हे एक झालंय... आणि मला ते अजून पचलेलं नाही.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. माझे मिस्टर चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. माणसं कामाला लागायच्या आधी गॅस तपासायचा, ही त्यांची ड्युटी. मिथेनला ना रंग, ना वास. सेफ्टी दिव्याची वात बारीक करून तो छतापाशी न्यायचा. गॅस असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. सुट्टीत आले की घरच्या कंदिलावर मला समजावून सांगायचे. मी म्हणायची, "मले काऊन शिकवता? मी का खाणीत उतरून राह्यली?"

त्या दिवशी सकाळी लाइट नव्हती, आभाळ भरलेलं. चहा झाला, कंदील विझवायला मी वात खाली केली... आणि ज्योतीवर निळी टोपी! दार उघडं, खिडकी उघडी. वात वर केली, पुन्हा खाली केली — तेच. ह्यांची पहिली पाळी होती, म्हणजे ते खाली खाणीत होते.

धावत बस स्टँडवरच्या एसटीडी बूथवर गेले. खाणीच्या ऑफिसातल्या बाबूला काय सांगणार, कंदील निळा दिसला? तोंडातून निघून गेलं, "त्यायची आई गेली. त्यायले आत्ताच्या आत्ता वर बोलवा." आणि सासूबाई तर घरी डाळ निवडत बसल्या होत्या हो, धडधाकट!

हे दुपारी रडत आले. दारात आई. निळ्या टोपीचं सांगितलं, तर मला जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी सासूबाईच मधे पडल्या, "मेली तं मी मेली, तू काऊन बोंबलून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी कामावर गेले ते रविवारी परत आले. चपला काढल्या, पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी वर आलो तं दुसऱ्या सरदारानं चार्ज घेतला. चार्ज घेतला का सारं पुन्हा तपासा लागते. मी सकाळी तपासलं तवा काईच नव्हतं वं. त्याले एका बंद गल्लीत छताले गॅस भेटला. सारे लोक वर काढले... तुले कसं समजलं?"

मला काय माहीत! तेच रॉकेल, तोच कंदील घेऊन दिवसभर बसले. ज्योत पिवळीच. वात बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली. टोपी त्यानंतर कधीच दिसली नाही. कारण आजवर कोणी सांगू शकलं नाही, आणि माझी सवय काही जात नाही. अजूनही कंदील विझवताना वात खाली करून आधी ज्योत निरखते.

दोन हजार सहामध्ये सासूबाई खरंच गेल्या, सकाळीच. मी त्याच ऑफिसात फोन केला. दुपार टळली तरी ह्यांचा पत्ता नाही. लोक विचारून विचारून थकले, "लेक काऊन नाई आला?" दिवस कलायला आला तेव्हा आले. आंघोळ नाही, तोंडावर कोळसा तसाच. तोच निरोप पुन्हा मिळाल्यावर ह्यांनी आधी आपले सगळे लोक वर काढले होते, एकेक गल्ली पुन्हा तपासायला लावली होती. काहीच सापडलं नाही.

आईच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "साऱ्यायले वर काढून आलो, माय."