खाली फक्त सही

माझे वडील केशवराव गुरुजी सौसरच्या सरकारी मराठी शाळेत मास्तर होते, आणि दर रविवारी दुपारी ते लोकांना हवंसं वाटणारं सोडून द्यायला शिकवत. घरात मात्र त्यांचा चहा पाच मिनिटं उशिरा आला की सगळं जग नश्वर असूनही त्यांचा राग तेवढा टिकून राही. हे मी चेष्टेनं लिहिते आहे असं कुणाला वाटेल. थोडं चेष्टेनं, बरंचसं रागानं.

वर्ग सुरू झाला तो देश स्वतंत्र झाला त्याच हिवाळ्यात. गावात तेव्हा जो तो सभा घेत सुटला होता. बाबांना सभा जमत नसत, त्यांचा आवाज बारीक होता. पण नागपूरला गेले की ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून काहीबाही घेऊन येत. उपनिषदांवरचं, बुद्धाच्या विचारांवरचं, चीनमधल्या जुन्या ज्ञानी माणसांवरचं. ते वाचून त्यांच्या मनानं घेतलं की हे सगळं साध्या माणसाला साध्या मराठीत सांगायचं. ज्यानं कधी असलं पुस्तक हातात धरलं नाही, त्याच्यासाठी.

गावाबाहेर यशवंतरावांची संत्र्याची बाग होती. विहिरीजवळच्या सावलीत सतरंजी पडायची. शिंपी, पोस्टातले बाबू, दोन-तीन दुकानदार आणि शाळेजवळ राहणाऱ्या अंबाबाई असे दहा-बारा जण यायचे. अंबाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्या एकही रविवार चुकवत नसत. मी आठ वर्षांची होते आणि माझं काम होतं लिहिण्याचं. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते सांगत आणि मी त्यांच्या पाठांच्या वहीत सुवाच्य उतरवून घेई. पुढे घरातले सगळे अर्ज, पत्रं, शाळेचे तक्तेसुद्धा मीच लिहू लागले.

पहिला पाठ मला आजही तोंडपाठ आहे. बाबांनी सगळ्यांच्या हातात एकेक संत्रं दिलं. आधी नुसतं बघायचं, मग वास घ्यायचा, मग हळूहळू सोलून खायचं. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता संत्रं कुठं गेलं?"

"पोटात," शिंपी म्हणाला.

लोक हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "बरोबर हाये. पण मघाशी ज्याले तुम्ही माझं संत्रं म्हनत होते, ते कुठं हाये?" मग त्यांनी सांगितलं की फूल होतं तेव्हा ते संत्रं नव्हतं, उद्या ते तुमचं रक्त होईल तेव्हाही नसेल. मधले चार दिवस आपण त्याला नाव देतो आणि माझं म्हणतो. झाडाला असं काही वाटत नाही, म्हणून झाडाला दुःख नाही. हे सांगताना त्यांचा बारीक आवाजही छान लागायचा. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

बाबांच्या बोलण्याला हरकत घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे बागेचे मालक. संत्र्याचा मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झडतात, आणि मग पाणी मिळालं की झाड फुलानं लदबदून जातं. बाबांना हे उदाहरण भारी आवडलं. एका रविवारी ते म्हणाले, बघा, झाडानं पाण्याची आस सोडली म्हणून त्याला बहार मिळाला.

यशवंतराव विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "गुरुजी, झाड काही सोडत नाही. पानी मी तोडतो. अन् दिवस मोजून तोडतो. आठ-दहा दिवस जास्त झाले तं ते फुलत नाही, वाळून जाते."

"तुम्ही शेतकरी मानसं, तुम्हाले सगळ्यात हिशोब दिसते," बाबा म्हणाले. सगळे हसले आणि यशवंतराव पुन्हा तंबाखू मळू लागले. वहीत मी फक्त बाबांचं वाक्य लिहिलं.

छप्पन साली मी मॅट्रिक पास झाले. त्या वर्षी सौसरमध्ये मॅट्रिक झालेल्या मुली एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. मला शिक्षिका व्हायचं होतं. नागपूरला मुलींचं नॉर्मल स्कूल होतं, दोन वर्षांचं ट्रेनिंग. पुढच्या वर्षी तिथं अर्ज करायचा होता. मी फळ्यावर कसं लिहीन, पहिलीच्या पोरींना 'ग' कसा शिकवीन, सगळं मनात ठरलेलं होतं. बाबांनीही कधी नाही म्हटलं नाही. उलट वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझी प्रेमलता माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण होईल.

पण त्याच वर्षी राज्यं नव्यानं आखली जात होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही, मराठी बोलणारे सौसर-पांढुर्ण्याचे लोक, मध्य प्रदेशातच राहणार हे नक्की झालं. छोट्या गाडीनं ज्या नागपूरला आम्ही लुगडी घ्यायला आणि डॉक्टरला दाखवायला जायचो, ते परक्या राज्यात गेलं. पोळ्याच्या आसपास बाबांच्या शाळेत एक कागद आला. मास्तर लोकांनी आपली इच्छा लिहायची होती, इथंच राहायचं की नागपूरकडे बदली घ्यायची. शाळेतले कारकून दत्तात्रयभाऊ स्वतः घरी येऊन आईला समजावून गेले.

"वहिनी, गुरुजींले नागपूर लिहाले सांगा. इथं आता हळूहळू सगळं हिंदी होईन. अन् प्रेमलताच्या ट्रेनिंगचंही तेच हाये. पुढच्या वर्षापासून तिकडच्या राज्यातल्या पोरींलेच जागा देनार, असं ऐकून राहिलो."

आईला दोनदा सांगावं लागलं नाही. माझी आई, देवकाबाई, कामाची बाई. तिनं त्याच आठवड्यात पाटा-वरवंटा अंबाबाईंना द्यायचं कबूल करून टाकलं. नागपुरात महाल भागात तिच्या मावशीची खोली रिकामी होती. मी कागद लिहायला दौत-टाक घेऊन बसले, तर बाबा म्हणाले, "राहू दे. हा मी स्वतःच लिहितो."

दोन दिवसांनी मी विचारलं, "बाबा, कागद दिला?"

"दिला."

एवढंच. दिवाळीनंतर यादी आली. त्यात बाबांचं नाव सौसरलाच होतं. आई दत्तात्रयभाऊंवर चवताळून धावून गेली. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "वहिनी, माझ्याच हातून गेला तो कागद. गुरुजींनी त्याच्यावर काहीच लिहिलं नाही. सगळा कोरा. खाली फक्त सही. मी म्हटलं, गुरुजी, काहीतरी लिहा, तं म्हने, मले कोठचीच इच्छा नाही."

आईनं बाबांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. बाबा शेवटी म्हणाले, "दहा वर्षं लोकांले काय शिकवलं मी? अन् आता स्वतःचीच येळ आली तं इच्छा लिहू?" मी दाराशी उभी होते. मला वाटलं ते एकदा माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

गावात ही गोष्ट दोन दिवसांत पसरली. लोकांना काय हो, दुसऱ्याच्या घरचं गेलं की वैराग्य फार आवडतं. पुढच्या रविवारी बागेत चाळीस माणसं जमली. बाबांना शाल आणि नारळ दिला. पोस्टातले बाबू बोलताना गहिवरले, म्हणाले, पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. टाळ्या झाल्या. मी सतरंजीच्या कडेला वही घेऊन बसले होते. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. यशवंतराव तेवढे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, तुह्यं काय होईन आता?" एवढ्या चाळीस माणसांत ते विचारणारा तो एकच. मला तिथेच रडू फुटलं.

झालं ते असं. नॉर्मल स्कूलनं दुसऱ्या राज्यातली म्हणून माझा अर्ज परत पाठवला. पुढच्या वैशाखात माझं लग्न लोधीखेड्याच्या मुकुंदरावांशी झालं, त्यांचं कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पण बायकोनं चार पोरी गोळा करून त्यांना अक्षरं शिकवलेली त्यांना चालायची नाहीत, घरात गर्दी होते म्हणायचे. बाबांच्या शाळेत मराठीचे वर्ग एकेक करून कमी झाले आणि त्यांची बदली थेट अमरवाड्याकडच्या एका खेड्यात झाली. पन्नाशीला आलेल्या माणसाला हिंदीची परीक्षा द्यावी लागली. आई सांगायची, ते लहान पोरांचं हिंदी पुस्तक घेऊन ओसरीवर मोठ्यानं वाचत बसतात आणि शेजारची पोरं चुका काढतात.

मला वाईट वाटायचं, पण एक आधारही होता. मी स्वतःला समजावायचे की माझं जे गेलं ते एका मोठ्या विचारापायी गेलं. माझे वडील जसं बोलले तसं वागले. किती लोकांच्या वडिलांबद्दल असं म्हणता येईल? शाळेत शिकवणाऱ्या बायका दिसल्या की मी हेच स्वतःला ऐकवायचे.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. बाबा सुट्टीत सौसरला आले होते, मीही माहेरी गेले होते. लोकांनी पुन्हा बागेत वर्ग भरवला. बाबा अप्रतिम बोलले. सीमा माणूस आखतो, नदीला ती दिसत नाही, असं काहीतरी. लोक माना डोलवत होते. परत येताना रस्त्यात आम्ही दोघंच होतो, ऊन उतरलं होतं. बाबा एकाएकी थांबले आणि म्हणाले, "आज आपन नागपुरात असतो, प्रेमा."

मी म्हटलं, "तुम्हालेच नव्हतं ना जायचं."

"मले?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मले लई जायचं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. तुही ट्रेनिंग, अन् मलेही तिकडची मोठी शाळा भेटली असती."

"मग लिहिलं काहून नाही?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "मले वाटलं, कोरा कागद पाहून साहेब लोक समजतीन. म्हनतीन, असा मानूस हाये, काही मागत नाही, मराठी हाये, पोरगी शिकून राहिली, याले तं पहिले नागपूर द्या. मागून घेतलं असतं तं मी बाकीच्या मास्तरांसारखाच झालो असतो ना."

चार वर्षं मी ज्याच्या जिवावर सोसलं होतं तो विचार नव्हताच कुठे. साहेबांनी आपलं कौतुक करावं आणि न मागता द्यावं, एवढीच ती आशा होती. तीही त्यांना तोंडानं बोलवली नाही. मागितलं असतं आणि मिळालं नसतं, तरी मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते.

घर आलं तशी त्यांनी माझा हात धरला. "हे कोनाले सांगू नको. त्या लोकांले वाईट वाटन."

लोकांना वाईट वाटेल. मला काय वाटेल हे त्यांच्या मनात तेव्हाही आलं नाही.

बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले. रिटायर होऊन सौसरला परतले आणि रविवारचा वर्ग शेवटपर्यंत चालवला. कोऱ्या कागदाची गोष्ट नव्या लोकांना जुने लोक सांगत, आणि बाबा ती खाली मान घालून ऐकून घेत. ते गेले तेव्हा गावभर लोक म्हणत होते की इतका निरिच्छ माणूस पुन्हा होणार नाही. मी बायकांमध्ये बसून ते ऐकत होते. त्यांनी सांगितलं तसं मी कुणालाही काही सांगितलं नाही. पण म्हणून मी त्यांना माफ केलं, असं कुणी समजू नये.