हकिगत सांगा, पैसे घ्या

ब्याण्णव सालचा श्रावण. आरती संपली, प्रसादाची रांग लागली आणि मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या एका बिल्डिंगचे सेक्रेटरी गुणवंतराव दमून खुर्चीत टेकले. माइक हातातच राहिला. बोलून झालं की माइक बंद करायचा असतो, हे दर सत्यनारायणाला सगळ्यांना बजावणारे तेच. पण शेजारी हंसाबेन येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हमारा अभिनव कॉलेज में गया, रोज पैसा मांगता है. आप नीलेश को कितना देते हो?"

गुणवंतराव नीलेशला महिन्याला तीस रुपये देत, तेही दोन हप्त्यांत. पण अंगावर सोवळं, गळ्यात हार, समोर बाईमाणूस. त्यांनी पोट आत घेतलं. "तीन सौ. कॉलेज का बच्चा है, मन मारना अच्छा नहीं."

पाण्याच्या टाकीला बांधलेल्या दोन्ही कर्ण्यांनी हे वाक्य थेट स्टेशनपर्यंत पोचवलं.

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. नीलेश द्रोण वाटत होता. तो द्रोण खाली ठेवून सावकाश आला, बापाच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "जूनपासूनचे धरायचे ना, बाबा?"

तेही टाकीवरून गेलं.

त्याच संध्याकाळी अभिनवने बाथरूमला आतून कडी घातली. तीनशे कबूल करा, मगच बाहेर येतो. घरोघरी पोरं हात पुढे करून उभी राहिली. दोन दिवसांत आकडा भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत पोचला तेव्हा त्याचे पाचशे झाले होते आणि वाटेत कुणीतरी त्याला स्कूटरही जोडली होती.

गुणवंतरावांची झोप उडाली. तीनशे द्यावेत, तर विमा कचेरीतला त्यांचा पगार तसाही महिनाअखेरीला धापा टाकतच पोचायचा. तीस कबूल करावेत, तर बिल्डिंगमध्ये तोंड कुठे दाखवायचं? शेवटी त्यांनी सेक्रेटरीला शोभेलशी वाट काढली. रविवारी गच्चीवर मीटिंग. कॉलेजच्या पोरांना किती द्यायचे, याचा सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच दर. तो पन्नासाच्या आत ठरला की 'मी तर द्यायला तयार होतो, पण सभेपुढे काय करणार' असं म्हणायला ते मोकळे.

मीटिंग भरली आणि लगेच फिसकटायला लागली. सायन्सवाल्यांना प्रॅक्टिकल असतं, त्यांना जास्त द्या, असं कुणी म्हणालं. मग कॉमर्सवाल्यांचं प्रॅक्टिकल कशाचं, तर पैसे उडवण्याचंच, असं कुणी सुचवलं. हंसाबेन म्हणाल्या, "जितना परसेंट, उतना रुपया." अभिनवला अडतीस टक्के होते, तेव्हा त्यांना हे परवडणारं होतं.

"मंदाताई, तुम्ही बोला," गुणवंतराव काकुळतीला येऊन म्हणाले. "मिनलला किती देता?"

तळमजल्यावरच्या मंदाताई गुहागरकडच्या. नवरा शिवा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. बाई उंचीने बुटक्या, पण आवाज चौथ्या मजल्यावर राहायला. हिंदीचं त्यांना कधी अडलं नाही. "हंसाबेन, तुम्हारा दूध उतू गया" एवढं म्हटलं की दूध वाचायचं. कुणाची नवी साडी बघितली की "रंग जाणार हिचा" असं तोंडावर सांगत, आणि रंग जायचा. त्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती. कॉलेज त्यांनी आतून एकदाच पाहिलं, मिनलच्या ॲडमिशनला, आणि तेही जिन्यापर्यंतच.

"बघून देते," मंदाताई म्हणाल्या.

"काय बघून?"

"काय काय झालं ते. संध्याकाळी पोर घरी आली की आधी चहा देते. मग ती सांगते आणि मी पैसे देते. मास्तर काय म्हणाले, कोण कोणाशी बोलत नाही, कॅन्टीनमध्ये कोण कोणाच्या बशीत बघत होतं, सगळं. साध्या दिवसाला तीन रुपये. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभ्या-उभ्या झोपले, त्याचे पाच दिले. परवा बेडूक उडी मारून बाईंच्या पर्समध्ये गेला. दहा दिले. शिवा कामावरून आल्यावर परत सांगायला लावलं, त्याचे वर दोन."

"आणि काहीच झालं नाही तर?"

"तर बसचे फक्त. काहीच होत नसेल तर जायचं कशाला तिकडे?"

"पण पोरं थापा मारतील ना, ताई."

"थापेचे कापून घेते. चांगली असली तर नाही कापत."

गच्ची हसून हसून वाकली. अभिनव घरात तोंडच उघडत नाही, असं हंसाबेन म्हणाल्या, तर मंदाताईंनी पैसे हातात धरून बसायला सांगितलं. दर ठरवायचा होता हे बघता बघता सगळे विसरले. ज्याने त्याने आपापल्या पोराला बोलतं करावं आणि ऐकून द्यावेत, असं एकमताने ठरलं. तीनशे हा शब्दही कुणी काढला नाही.

गुणवंतराव जिना उतरले ते जवळजवळ तरंगतच. अब्रूही वाचली, पैसेही वाचले. तळमजल्यावर त्यांनी मंदाताईंना गाठलं.

"फार मोठं काम केलंत, ताई. फक्त एक पंचाईत आहे. आमचा नीलेश पडला घुम्या. जेवताना मीठसुद्धा खुणेने मागतो. तो काय हकिगत सांगणार?"

"नीलेश? छान सांगतो की. रोज संध्याकाळी येतो, वडापावचे पैसे घेऊन जातो."

गुणवंतरावांना एकदम भरून आलं. पोरगं बोलतं तर. तेही असं, की लोक पैसे देऊन ऐकतात. अभिमानाने त्यांचा आवाज चढला.

"असं? काय सांगतो कॉलेजातलं?"

मंदाताईंनी दाराला किल्ली लावली.

"कॉलेजातलं नाही, तुमच्या घरातलं."